कट्ट्याला खिळे ठोकण्यापूर्वी: महाराष्ट्रातील महापालिका आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त व शहर अभियंता,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका

विषय: चौक सुशोभीकरणाच्या कामांत स्केटबोर्ड चालवता येईल असे कट्टे व शिल्पे घेण्याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या राज्यातील बहुतेक शहरांनी स्वतःवरच्या प्रेमाची कबुली लोखंडाच्या किंवा फायबरच्या अक्षरांत दिली आहे. आधी ‘आय’, मग लाल बदाम, मग शहराचे नाव, रात्री आतून लागणारे दिवे आणि समोर फोटोसाठी उभे राहायला जागा. तलावाकाठी, उड्डाणपुलाखाली, बसस्थानकासमोर, जिथे थोडी मोकळी जागा सापडली तिथे ही अक्षरे उभी राहिली. त्यांना नावे ठेवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ही अक्षरे ज्या अक्षरांच्या कुळातली आहेत, त्यांच्या पायाशी असलेल्या दगडांवर काय घडले ते आपल्यापुढे मांडावे आणि त्या आधारावर पुढच्या निविदेसाठी एक विनंती करावी, एवढाच हेतू आहे.

मी पुण्यात राहणारा स्थापत्य अभियंता आहे. कट्टे, पायऱ्या, कठडे, संरक्षक भिंती यांचे आराखडे करणे हा माझा पंचवीस वर्षांचा व्यवसाय असून त्यातली काही कामे मी महापालिकांसाठीही केली आहेत. स्केटबोर्डवर, म्हणजे खाली चार चाके असलेल्या फळीवर, मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो आणि दुसऱ्या क्षणी जमिनीवर बसलो. माझी मुलगी मात्र गेली सहा वर्षे बोर्ड चालवते, आणि तिच्यासोबत रविवारी पहाटे रिकामी पार्किंगची जागा शोधत फिरताना मला माझ्याच व्यवसायाविषयी असे बरेच काही कळले, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

रॉबर्ट इंडियाना या अमेरिकी चित्रकाराने ‘लव्ह’ या शब्दाची चार अक्षरे दोन ओळींत रचली आणि त्यातला ‘ओ’ जरा कलता ठेवला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ही रचना नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापली, १९७३ मध्ये ती अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आली, आणि स्वामित्वहक्काची तजवीज वेळेवर न झाल्यामुळे ती पुढे कपबशांवर, किल्ल्यांच्या कड्यांवर, छत्र्यांवर, जिथे म्हणून छापता येईल तिथे छापली गेली. त्याच अक्षरांचे एक मोठे शिल्प १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, फिलाडेल्फिया शहराच्या मध्यवर्ती चौकात मांडण्यात आले. चौकाचे अधिकृत नाव जॉन एफ. केनेडी प्लाझा; लोक त्याला लव्ह पार्क म्हणू लागले. आपल्या शहरांतल्या अक्षरांचे कूळ मी म्हणतो ते हे. पण त्या चौकाला जगात ज्यांनी नाव मिळवून दिले, ते त्या अक्षरांकडे पाठ करून खालच्या ग्रॅनाईटवर खेळत होते.

हा चौक १९६५ मध्ये तयार झाला. कल्पना एडमंड बेकन यांची, वास्तुरचना व्हिन्सेंट क्लिंग यांची. बेकन हे त्या शहराच्या नियोजन आयोगाचे दीर्घकाळचे प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने नगररचना विभागाचा सर्वांत वजनदार अधिकारी. मधोमध कारंजे, भोवती उतरत गेलेल्या रुंद पायऱ्या, बसण्यासाठी लांबच लांब ठेंगणे ग्रॅनाईटचे कट्टे आणि सपाट दगडी फरशी. स्केटबोर्ड हा शब्द त्या आराखड्याच्या आसपासही नव्हता. तरीही १९८० च्या दशकात मुलांनी तो चौक हेरला, कारण त्या कट्ट्यांची उंची, दगडाचा गुळगुळीतपणा आणि दोन पायऱ्यांमधले अंतर त्यांना हवे तसे नेमके होते. फरशीतले सुटे झालेले ग्रॅनाईटचे तुकडे एका बाजूने उचलून त्यांचा उतार करण्याची युक्तीही त्यांनीच शोधली. तिथे चित्रित केलेल्या फिती देशोदेशी पोहोचल्या आणि ज्यांनी फिलाडेल्फिया नकाशावरही पाहिले नव्हते, अशा मुलांना त्या चौकातल्या पायऱ्या ओळखीच्या झाल्या.

मग जे व्हायचे तेच झाले. २००१ आणि २००२ अशी दोन वर्षे शहराने एक्स गेम्स ही स्केटबोर्डसह साहसी खेळांची मोठी स्पर्धा आपल्याकडे भरवली, आणि त्याच सुमारास सार्वजनिक जागेत बोर्ड चालवण्यावर बंदी आणून लव्ह पार्कची फेररचना केली. कट्ट्यांच्या जागी मुद्दाम अडथळा होईल असे बाक आणि हिरवळीचे पट्टे आले. यावर २८ ऑक्टोबर २००२ रोजी ९२ वर्षांचे एडमंड बेकन डोक्यावर शिरस्त्राण घालून त्या चौकात आले, दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार घेऊन स्केटबोर्डवर उभे राहिले, आणि मी रचलेल्या चौकात मी महापौरांच्या बंदीचा जाणूनबुजून भंग करतो आहे, अशा अर्थाची घोषणा करून काही फूट पुढे सरकले. आपल्या हयातीत आपल्याच रचनेच्या बाजूने नियम मोडणारा नगररचनाकार मला तरी दुसरा माहीत नाही. २००४ मध्ये स्केटबोर्डचे बूट बनवणाऱ्या डीसी शूज या कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले, ते शहराने नाकारले. २०१३ मध्ये त्याच शहरात नदीकाठी सुमारे ४५ लाख डॉलर खर्चून पेन्स पार्क नावाची स्केटबोर्डसाठीची स्वतंत्र जागा उभी राहिली. २०१६ मध्ये जुना लव्ह पार्क फोडण्याआधी तेव्हाच्या महापौरांनी थोडे दिवस बंदी उठवली आणि मुलांनी थंडीत कुडकुडत त्याचा निरोप घेतला. त्या चौकातले काही ग्रॅनाईट आता स्वीडनमधल्या माल्मो शहरात बसवले आहे, कारण तिथल्या लोकांना त्या दगडांचे मोल फिलाडेल्फियापेक्षा अधिक वाटले.

निविदा भरणारा माणूस म्हणून मला या हकिगतीत भावनेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. जे आधीच फुकट आणि उत्तम चालले होते ते शहराने पैसे खर्च करून मोडले, आणि मग तेच दुसरीकडे उभारायला आणखी पैसे घातले.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. जिच्या कडेवर बोर्ड घासत नेता येईल अशा बसक्या, लांब, सरळ जागेला इंग्रजीत वेगळा पारिभाषिक शब्द आहे. मराठीत तिला आपण कट्टा म्हणतो. कट्टा, ओटा, पार, पायरी, कठडा असे गावातल्या उघड्यावरच्या बैठकीचे इतके शब्द असलेल्या भाषेत या खेळाची जागा परकी का वाटावी, हे मला कळत नाही. कट्टा कोणत्या कामासाठी बांधला हे कोणी विचारत नाही. त्यावर म्हातारी माणसे बसतात, मुले अभ्यास करतात, भाजीवाली पाटी टेकवते, मित्रांची टोळी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारते. स्केटबोर्ड चालवणारी मुले शहराकडे याच नजरेने पाहतात. वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर बोर्ड चालवू द्यावा असे मला मुळीच सुचवायचे नाही. वारशाच्या दगडाला आणि पूजेच्या जागेला हात लावू नये. नव्याने बांधल्या जाणाऱ्या, सध्या कोणाच्याच नसलेल्या कट्ट्यांपुरतेच मी बोलतो आहे.

लंडनचे उदाहरण याहून बोलके आहे. थेम्सच्या दक्षिण काठावर १९६७ मध्ये क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीतगृह उघडले. त्याच्या पोटाखाली जाडजूड काँक्रीटचे खांब, उतरत्या कडा आणि वापराविना पडलेली अंधारी जागा शिल्लक राहिली. १९७० च्या दशकापासून मुलांनी ती ताब्यात घेतली. २०१३ मध्ये त्या सांस्कृतिक केंद्राच्या व्यवस्थापनाने विस्तार योजना आणली: या जागेत दुकाने आणि खानपानगृहे, आणि मुलांसाठी जवळच्या पुलाखाली नवी जागा. ही तजवीज कागदावर उदार होती. मुलांनी ती स्वीकारली नाही, कारण चाळीस वर्षांत त्या खांबांवर जे साचले होते ते पुलाखाली नेता येणारे नव्हते. त्यांनी सह्या गोळा केल्या, नियोजन विभागाकडे २७ हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही बाजूंत करार होऊन ती जागा राखली गेली. पुढे दोघांनी मिळून निधी उभारला आणि पूर्वी लाकडी भिंतीआड बंद केलेला भाग दुरुस्त करून २०१९ मध्ये उघडला. त्याच २०१४ मध्ये, लंडनच्या पूर्वेकडील हॉर्नचर्च इथला १९७८ चा काँक्रीटचा स्केटपार्क संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतला गेला. आपल्याकडे ज्याला मुलांचा धुडगूस म्हणतात, त्याची दुसरीकडे वारसा म्हणून नोंद होते.

आता शिल्पांकडे येतो, कारण सुशोभीकरणाच्या निविदेत ‘शिल्प’ हे कलम हमखास असते. जर्मनीतल्या कासेल शहरात भरणाऱ्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या महाप्रदर्शनात २००२ मध्ये सिमपार्क या कलावंतांच्या गटाने लाकडाचे एक भलेमोठे, मूत्रपिंडाच्या आकाराचे खोलगट भांडे मांडले. त्यात मुले बोर्ड घेऊन उतरत होती, प्रेक्षक काठावर उभे राहून पाहत होते, आणि खालून तो लाकडी सांगाडा घुमत होता. कोरियात जन्मलेल्या कू जोंग आ या कलावंतांनी २०१२ मध्ये फ्रान्समधल्या वासिव्हिएर बेटावर आणि २०१५ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन पार्कमध्ये बांधलेली स्केटबोर्डची खोलगट शिल्पे अंधार पडला की हिरवट उजेड देतात; दिवसभर ऊन साठवणारा रंग त्यांच्या पृष्ठभागावर दिलेला आहे. एव्हर्टन पार्कच्या कामाला कोणी खेळाचे मैदान म्हणाले तरी चालेल आणि शिल्प म्हणाले तरी चालेल. बार्सिलोनात तर हे न ठरवताच घडले: रिचर्ड मायर यांनी आखलेले समकालीन कलासंग्रहालय १९९५ मध्ये उघडले आणि त्याच्यासमोरचा दगडी चौक जगभरच्या स्केटबोर्डवाल्यांची पंढरी झाला. आत चित्रे पाहायला तिकीट आहे, बाहेरचा खेळ फुकट.

आपल्याकडे चौकातले शिल्प म्हणजे चौथरा, चौथऱ्याभोवती साखळी, साखळीबाहेर गवत आणि गवतावर ‘आत जाऊ नये’ ही पाटी. थोर पुरुषांच्या पुतळ्यांना हे शोभते, तिथे तसेच असावे. पण फायबरचा मासा, सिमेंटची पुस्तके, लोखंडी फुलपाखरू आणि भंगारातून जुळवलेला घोडा यांच्याभोवतीही साखळी लागतेच, आणि दोन पावसाळ्यांत रंग उडालेले ते फुलपाखरू कोणीच पाहत नाही. ज्या शिल्पावर रोज पन्नास मुले चढतात, घसरतात, बसतात, त्याला रंगाची गरजच पडत नाही. कला महाविद्यालयांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या शिल्पकारांना ‘ज्याला हात लावता येईल असे काही करा’ एवढे जरी आपण सांगितले, तरी त्यांच्यातले निम्मे आनंदाने कामाला लागतील.

या खेळाभोवती तयार झालेल्या वस्तूंविषयीही लिहायला हवे, कारण खेळ आपल्याकडे पोहोचण्याआधी त्याचा माल पोहोचला. माझ्या मुलीचा पहिला ‘थ्रॅशर’ टी-शर्ट पदपथावरून अडीचशे रुपयांना घेतला होता. ज्वाळांसारखी ती अक्षरे एका मासिकाच्या नावाची आहेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. हे मासिक १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले, आणि त्यामागची माणसे बोर्डाखालचे धातूचे आस बनवणारी होती. आज मासिक न वाचलेली आणि बोर्डावर कधी पाय न ठेवलेली लाखो मुले तो टी-शर्ट घालतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लफायेट स्ट्रीटवर उघडलेल्या ‘सुप्रीम’ या स्केटबोर्डच्या दुकानाची गोष्ट तर आणखी पुढची. मुलांना बोर्डावरूनच आत येता यावे म्हणून त्या दुकानाचा मधला भाग मोकळा ठेवला होता. तीच नाममुद्रा २०२० मध्ये २१० कोटी डॉलरला विकली गेली आणि चारच वर्षांत १५० कोटींना पुन्हा. २०१६ मध्ये या दुकानाने आपले नाव कोरलेली मातीची एक वीट ३० डॉलरला काढली आणि ती हातोहात संपली. आपल्याकडे भट्टीवाला प्रत्येक विटेवर आपली अक्षरे उठवतोच, आणि विटेचे माहात्म्य आपल्याला पंढरपूरने केव्हाच सांगितले आहे. तरीही त्या विटेसाठी कित्येक पट पैसे मोजणारे लोक निघाले.

जानेवारी २०१९ मध्ये सदबीज या लिलावगृहाने याच दुकानाच्या वीस वर्षांतल्या २४८ फळ्यांचा संपूर्ण संच आठ लाख डॉलरला विकला. बोर्डाची फळी मेपलच्या सात पातळ थरांची असते आणि तिच्या पोटावर चित्र असते. जो खरोखर बोर्ड चालवतो त्याच्या फळीवरचे चित्र महिन्या-दोन महिन्यांत कट्ट्यावर घासून निघून जाते. मधोमध फिकट लाकूड उघडे पडते. संग्राहकाच्या भिंतीवरची फळी मात्र जन्मभर कोरी राहते. मला संग्राहकांचा राग नाही, मी स्वतः जुन्या मोजपट्ट्या जमवतो. टोनी हॉक या नामवंत अमेरिकी स्केटबोर्डपटूने २०२१ मध्ये स्वतःचे रक्त मिसळलेल्या लाल रंगाच्या १०० फळ्या एका पाण्याच्या कंपनीसाठी काढल्या, तेव्हा मी मुलीजवळ तोंड वाकडे केले होते. पण त्या विक्रीतला काही वाटा सार्वजनिक स्केटपार्क बांधायला मदत करणाऱ्या संस्थेला गेला, हे तिने मला लगेच ऐकवले. बेल्जियममधली ‘द स्केटरूम’ ही कंपनी वॉरहॉल, बास्किया या अमेरिकी चित्रकारांची चित्रे फळ्यांवर छापून विकते आणि त्यातला हिस्सा स्केटिस्तानसारख्या संस्थांना देते. स्केटिस्तान ही संस्था २००७ मध्ये काबूलमध्ये मुलांना, विशेषतः मुलींना, बोर्ड आणि शाळा या दोन्हींपर्यंत पोहोचवण्यासाठी सुरू झाली. म्हणजे जिथे या वस्तूंचा बाजार शहाणपणाने चालतो, तिथे भिंतीवरच्या फळीतून जमिनीवरचा कट्टा बांधला जातो. आपल्याकडे त्यातला फक्त टी-शर्ट आला आहे.

एका वस्तूला मात्र मी मनापासून मानतो. बोटांनी चालवायचा, जेमतेम बोटाएवढ्या लांबीचा बोर्ड १९९० च्या दशकाच्या अखेरीस खेळण्यांच्या दुकानांतून सगळीकडे गेला. माझ्या मुलीने बोर्ड शिकायला सुरुवात केली ती अशाच एका खेळण्यावर, शाळेच्या बाकावर, कंपासपेटीची कड कट्टा मानून आणि खोडरबरांच्या पायऱ्या रचून. वर्षभरानंतर ती रस्त्याने चालताना प्रत्येक इमारतीची कड, उंची, उतार डोळ्यांनी मोजत असे. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पदवीधरांना ही सवय लावायला मला तीन वर्षे लागतात.

आता तांत्रिक भाग, जो माझ्या अधिकारातला आहे. रस्त्यावर चालवायच्या बोर्डाची चाके साधारण ५० ते ५५ मिलिमीटर व्यासाची आणि चांगली कडक असतात. पेव्हर ब्लॉकच्या दोन तुकड्यांमधली खाच या चाकांना पुरेशी अडवते. बोर्ड जागेवर थांबतो आणि मूल पुढे फेकले जाते. राज्यातल्या चौकांत, पदपथांवर, उद्यानांत आपण जो पेव्हर ब्लॉक सर्रास बसवला आहे, तो चाकाच्या खुर्चीला आणि बाळाच्या गाडीलाही तितकाच छळतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. त्याऐवजी कट्ट्यासमोर आठ-दहा मीटर लांबीचा, पाणी वाहून जाण्यापुरता एक टक्का उतार दिलेला ट्रिमिक्स काँक्रीटचा (ओतल्यावर जादा पाणी शोषून काढून घट्ट व सपाट केलेल्या काँक्रीटचा) पट्टा पुरेसा आहे. कट्ट्याची उंची ३५ ते ४५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे आजोबांनाही बसता येते. वरचा दगड पॉलिश केलेला ग्रॅनाईट असावा, आणि त्याच्या कडेला काँक्रीट ओतण्यापूर्वीच होल्डफास्टसह, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतणाऱ्या पकडपट्ट्यांसह, लोखंडी अँगल बसवावा. बोर्डाचे धातूचे आस त्या अँगलवरून घासत जातात, दगडाचा टवका उडत नाही, आणि मुलांना कडेवर मेण चोळण्याची गरज कमी पडते, त्यामुळे काळे डागही कमी होतात. जो कट्टा आपण एरवीही बांधणारच आहात त्यात अँगलची भर पडते आणि पेव्हर ब्लॉकची बचत होते. खर्चातला हा फरक कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला दरसूची उघडून अर्ध्या तासात काढता येईल.

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातले काही खरे आहेत. बोर्डाचा आवाज होतो, काँक्रीटवर तो कर्कश लागतो. म्हणून असा कट्टा दवाखान्याच्या किंवा घरांच्या खिडकीखाली नको, रहदारीच्या चौकाजवळ किंवा पुलाखाली असावा, जिथे वाहनांच्या आवाजात तो बुडून जाईल. मुले पडतात आणि हात मोडतात हेही खरे आहे. माझ्या मुलीचे मनगट एकदा मोडले. पण ते मोडले रस्त्यावर, मागून आलेली रिक्षा चुकवताना, कारण शहरातल्या एका उद्यानातून पहारेकऱ्याने त्याआधी दहाच मिनिटे शिटी वाजवून तिला बाहेर काढले होते. त्या पहारेकऱ्याचा काही दोष नाही, त्याच्या पाटीवर तसे लिहिले होते. ज्येष्ठ नागरिकांची अडचण होते, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, आणि त्यावर वेळ वाटून देण्याखेरीज मला दुसरा उपाय दिसत नाही.

रिंक आहेत की, असेही सांगितले जाईल. आपल्या बहुतेक पालिकांचे स्केटिंग रिंक पायात चाकांचे बूट घालून गोल फिरण्यासाठी बांधलेले सपाट गिलावे आहेत. बोर्डाला कड लागते, पायरी लागते, उतार लागतो. तरीही तिथे आठवड्यातून दोन तास बोर्डवाल्यांना द्यावेत, ही विनंती आहेच. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगमध्ये महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा महिलांच्या ‘स्ट्रीट’ (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवर खेळायच्या) प्रकारात पहिल्या दोघी तेरा वर्षांच्या होत्या आणि तिसरी सोळा. पदकांचा मुद्दा मी एवढ्यावरच सोडतो, कारण पदकाचे नाव काढले की आपण लगेच तीस एकरांचे संकुल, छत आणि प्रवेशशुल्क असा विचार करू लागतो, आणि ‘स्ट्रीट’ या प्रकाराच्या नावातच रस्ता आहे हे विसरतो.

यापेक्षा मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. बोर्ड चालवू नये म्हणून कट्ट्याच्या कडेला ठरावीक अंतरावर धातूची बोंडे बसवण्याची पद्धत परदेशात रूढ आहे, आणि ती आता आपल्या नव्या व्यापारी संकुलांच्या आवारात दिसू लागली आहे. त्याच विचाराचा पुढचा टप्पा आपण पाहिलेला आहे: २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेने आपल्या शाखेबाहेरच्या कट्ट्यावर कोणी बसू नये म्हणून टोकदार खिळे बसवले होते, आणि लोकांनी संताप व्यक्त केल्यावर ते काढले. बोंड बोर्डासाठी बसवतात, पण त्यावर बसता कोणालाच येत नाही. मुलाला हुसकावण्यासाठी बांधलेल्या कट्ट्यावरून म्हाताराही उठून जातो.

माल्मोची गोष्ट मघाशी अर्धी राहिली. ते जहाजबांधणीचे शहर होते. गोदीचे काम बुडाल्यावर २००५ मध्ये जुन्या गोदीच्या भागात तिथल्या बोर्डवाल्यांना सोबत घेऊन पालिकेने एक मोठा स्केटपार्क बांधला. पुढे अभ्यासक्रमात स्केटबोर्डिंग असलेली एक शाळाही तिथे निघाली. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या पालिकेने स्केटबोर्डिंगचे काम पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला, जो नवा चौक आखला जात असतानाच नकाशावर बोट ठेवून सांगतो की ही कड जरा लांब करा. आपल्याकडे वेगळे पद निर्माण होईल असे मी समजत नाही. पण नदीकाठची कामे, मेट्रो स्थानकांखालचे चौक, उड्डाणपुलांखालच्या जागा असे कितीतरी नकाशे आज आपल्या कार्यालयांत टेबलांवर पसरलेले आहेत. नदीकाठ सुधारणेच्या वादात मी या पत्रात पडत नाही; त्यावर माझी मते वेगळी आणि बरीच कडक आहेत. जे काँक्रीट ओतले जाणारच आहे, त्याच्या कडेविषयी ओतण्याआधी चार मुलांना विचारावे, इतकेच म्हणणे आहे.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक महापालिकेने येत्या आर्थिक वर्षातल्या सुशोभीकरणाच्या कामांपैकी कोणतेही एक काम निवडावे, त्यातली ‘आय लव्ह’ची अक्षरे हवी तर ठेवावीत, आणि त्या अक्षरांचा चौथरा साखळीविना, वर दिलेल्या मापांचा, लोखंडी कडेचा, समोर काँक्रीटचा पट्टा असलेला कट्टा म्हणून बांधावा. शिल्प असेल तर शिल्पकाराला निविदेतच कळवावे की त्यावर मुले चढणार आहेत. पाटीवर बोर्ड चालवण्याच्या वेळा लिहाव्यात. सहा महिने पाहावे. कट्ट्याची कड तुटली, तक्रारी वाढल्या किंवा कोणी फिरकलेच नाही, तर अँगल तसाच राहू द्यावा आणि तो कट्टा बसायला वापरावा. पैसे वाया गेले असे लेखापरीक्षकालाही म्हणता येणार नाही.

अशा कट्ट्याचा आराखडा, काटछेद आणि अंदाजपत्रक मी तयार केले आहे. मागणाऱ्या कोणत्याही महापालिकेला ते विनामोबदला देईन, त्यावर माझे नावही नको. आपल्यापैकी कोणाला किंवा आपल्या कनिष्ठ अभियंत्याला प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर रविवारी सकाळी सहा वाजता मोजपट्टी घेऊन यावे. दुकाने उघडेपर्यंत मुले कोणत्या पार्किंगमध्ये असतात ते मी आदल्या रात्री कळवीन, कारण ती जागा दर आठवड्याला बदलते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता, पुणे